निळ्या चौकड्यांचं कापड

माझी वहिनी कापडाला कात्री लावताना असा चेहरा करते की बघणाऱ्याला वाटावं, हिच्याच बोटाला लागतेय. शक्यतो ती कापत नाही, दुमडते. तिच्या प्रत्येक पडद्याच्या खालच्या काठात वीतभर कापड आत घडी घालून टाचलेलं असतं. दादाची बदली झाली आणि नव्या क्वार्टरच्या खिडक्या लांब निघाल्या, की टाके उसवायचे. आखूड निघाल्या, की आणखी दुमडायचं. अकरा वर्षांत सहा घरं झाली, पडदे तेच. विटले की त्यांचे उशांचे अभ्रे होतात, अभ्रे फाटले की गरम भांडी उतरवायची फडकी आणि शेवटी फरशी पुसायची चिंधी. "तुझ्या घरात कापडाला रिटायरमेंट नाही," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, "आहे की. चूल पेटवताना."

मी तिची धाकटी नणंद. शाळेत गणित शिकवते आणि जिभेला फारशी धार लावावी लागत नाही, असं लोक म्हणतात. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. ही घाबरट, गप्प मुलगी सैनिकाचा संसार काय करणार, असं मी आईला बोलूनही दाखवलं होतं. ते शब्द मी परत घेतले आहेत, आणि माझ्यासारखीने शब्द परत घ्यायचे म्हणजे काय, हे माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा.

वर्षातली मोठी सुट्टी मी तिच्याकडे काढते. क्वार्टर कुठलंही असो, आत शिरलं की सारखंच दिसतं. पिवळट भिंती, खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या पायावर, अगदी कपड्यांच्या घोडीवरसुद्धा सरकारी पांढऱ्या रंगात नंबर. वहिनी तो नंबर शिवलेल्या गवसणीखाली झाकते. तिच्या लोखंडी ट्रंका जाड गवसण्या घालून बसल्या की पाहुण्याला तो सोफाच वाटतो. हाताने फिरवायचं शिलाई मशीन गादीत गुंडाळून सहाही घरांत तिच्याबरोबर गेलं. ट्रकमध्ये कपबशा फुटल्या तर चालेल, पण त्या गादीवर दुसरं काही ठेवायचं नाही.

सुट्टीत एक दिवस तिच्याकडे मोठं जेवण असतं, चौदा-पंधरा पानांचं. ज्यांचे नवरे दूर आहेत अशा बायका-मुलं, घरी जायला रजा न मिळालेले जवान, आणि ज्यांना जायला घरच नाही असे एकदोघं. एवढं मोठं टेबल तिच्याकडे कुठलं? सकाळी ती आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उतरवते, ट्रंकांवर आडवं टाकते आणि वर जोडाजोडीचा पांढरा टेबलक्लॉथ अंथरते. भात, बटाटे, मटार, कोंबडी आणि केक. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी कमी पडेल म्हणून ती एक पातेलं भात जास्तीचा चढवते. कधी कमी पडलेलं नाही.

आणि तिचा एक नियम आहे. वर्दीत कोणी जेवायला बसायचं नाही. बाहेरच्या दाराशी सात-आठ खुंट्या, त्यांवर जुन्या चादरींचे तिने शिवलेले ढगळ शर्ट, लहान-मोठ्या मापांचे. आलेल्या माणसाने आधी न्हाणीघरात जाऊन वर्दी उतरवायची. "इथे सुट्टी आहे ना? मग कपड्यांनाही सुट्टी," ती म्हणते. मोठे मोठे मिशाळ गडी फुलाफुलांचे शर्ट घालून, खाली मान घालून बसतात, तेव्हा मला हसू आवरत नाही.

त्या वर्षी मात्र मी आले तेव्हा ती मला म्हणाली, "वन्सं, या वेळी मला तुमची मदत हवी. जेवणात नाही."

दादा सव्वीस महिन्यांनी घरी येणार होता, नऊ दिवसांच्या रजेवर. तो गेला तेव्हा धाकटी मुलगी पाच महिन्यांची होती. आता ती अडीच वर्षांची होऊन गेली होती आणि बापाला कधी डोळ्यांनी पाहिल्याचं तिला आठवत असण्याची शक्यता नव्हती.

"थोरलीच्या वेळी जे झालं, ते पुन्हा नको," वहिनी म्हणाली.

ते मलाही ठाऊक होतं. थोरली तीन वर्षांची असताना दादा असाच रजेवर आला. गेटपाशी ट्रक थांबला, पाच-सहा जण उतरले, सगळ्यांची वर्दी सारखी. थोरलीने धावत जाऊन ड्रायव्हरच्या पायाला मिठी मारली आणि "बाबा, बाबा" म्हणत सोडेचना. दादा शेजारीच उभा होता, हातात लाकडी बदक घेऊन. नंतर ती त्याला बघून पलंगाखाली लपायची. दहा दिवसांची रजा. आठव्या दिवशी ती त्याच्या मांडीवर बसली. दहाव्या दिवशी तो गेला. वहिनीला कळू न देता, जाताना वाटेत आमच्या घरी थांबला तेव्हा तो आईला म्हणाला होता, "मी तिला ओळखूच आलो नाही गं." आईने ते मला सांगितलं आणि मी, मूर्ख, वहिनीला.

वहिनीने आता पक्का बेत केला होता. निळ्या चौकड्यांचं नवं कापड आणलं होतं. तिने, नवं! त्यातून धाकटीचा फ्रॉक शिवला आणि उरलेल्याचा दादासाठी शर्ट. शर्ट महिनाभर आधीच पोस्टाने पाठवला, आणि पत्रात एवढंच लिहिलं की येताना हाच घालून या. तेव्हापासून धाकटीला रोज तो फ्रॉक दाखवायचा आणि सांगायचं, "असाच शर्ट घालून कोण येणार? बाबा!"

"दादाला खरं कारण का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"कशाला? थोरलीचं पुन्हा मनात येईल त्यांच्या. रस्ताभर तेच घोकत बसतील." माझं काम एवढंच होतं की वहिनी स्वयंपाकघरात अडकलेली असेल, तेव्हा धाकटीला फ्रॉक घालून दाराशी घेऊन उभं राहायचं.

तिच्या आणखी एका खुळाबद्दल सांगायलाच हवं. धाकटी उभी राहायला लागली तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी तिला आतल्या दाराच्या चौकटीला टेकवून उभी करी. टाचा जुळवलेल्या, पोट आत, हनुवटी वर. मग डोक्यापासून फरशीपर्यंत शिवणाचा दोरा ताणायचा आणि तेवढाच तोडायचा. "हा दोरा कुणाला?" वहिनी विचारी आणि धाकटी ओरडे, "बाबाला!" तो दोरा घडी करून दादाच्या पत्रात जाई, दर महिन्याला वेगळ्या रंगाचा.

मी तिला कितीदा सांगितलं, "अगं, सेंटिमीटर लिही! आकडा लिहिला की झालं. दोरे कसले पाठवतेस?"

"आकड्याला हात लावता येतो का?" ती म्हणाली. मी तिला वेडी म्हटलं.

त्या मोठ्या जेवणाचा दिवस उजाडला. दार उतरवून टेबल झालं, बायका आल्या, मुलांचा गोंधळ सुरू झाला. साडेबाराला ट्रकचा आवाज आला. मी धाकटीला उचलून ओट्यावर गेले. ट्रकमधून तिघं उतरले. एक ड्रायव्हर, वर्दीत. दुसरा माझा दादा. काळवंडलेला, वाळलेला, आणि वर्दीत. आणि तिसरा, दादाच्या तुकडीचा स्वयंपाकी, गोल चेहऱ्याचा, लाजरा माणूस. त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.

मी काही बोलायच्या आत धाकटी माझ्या कडेवरून घसरली. तिने आपल्या फ्रॉककडे पाहिलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरून धावली. "बाबा!"

बेत अगदी चोख पार पडला होता, फक्त माणूस चुकला होता. बिचारा स्वयंपाकी दगडासारखा उभा. त्याने तिला उचललंही, कारण पायाला बिलगलेलं पोर कोण ढकलणार? आणि दादा हातातली पिशवी खाली न ठेवता बघत राहिला. तो चेहरा मी सहा वर्षांपूर्वी पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि मला रडू येण्याऐवजी रागच आला.

"दादा, तो शर्ट तुझा होता!" मी भर ओट्यावर ओरडले.

"अगं, वाटेत याच्या अंगावर डिझेलचा डबा सांडला," दादा हळू आवाजात म्हणाला. "याला जायला घर नाही, म्हणून म्हटलं चल आमच्याकडे. आणि वर्दीत कोणी जेवायला बसायचं नाही, हा हिचाच नियम ना? असा डिझेलने भिजलेला तिच्या दारात कसा आणू? माझ्याजवळ एवढा एकच शर्ट होता."

वहिनी हातात डाव घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. तिचा पडलेला चेहरा मी पाहिला. पण ती स्वयंपाक्याकडे वळून म्हणाली, "या ना भाऊ, आत या. बरं केलंत आलात." आणि दादाला म्हणाली, "बरोबर केलंत तुम्ही." मग ती झटकन आत गेली. कोंबडी करपत नव्हती, तरी गेली.

स्वयंपाकी ट्रंकेवर बसला. धाकटी त्याच्या मांडीवर, शर्टाच्या चौकड्या बोटाने मोजत. तो दादाकडे अपराध्यासारखा बघत होता. थोरली बापाचा हात धरून उभी होती. तिला नऊ वर्षांच्या वयात सगळं कळत होतं. खुंटीवरचा शर्ट घ्यायचं दादाला सुचलं नाही. तो तसाच वर्दीत आतल्या चौकटीपाशी जाऊन, भिंतीला पाठ लावून खाली बसला. खिशातून त्याने एक कापडी पिशवी काढली. तिच्यात दोरे होते, रंगीत, एकेक वेगळा गुंडाळलेला, हाताळून मऊ पडलेले. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. पोरगी जवळ येत नाही, तर निदान दोरा बघावा, एवढंच असेल. त्याने शेवटचा पिवळा दोरा उलगडला आणि चौकटीला लावून, किती उंच झाली असेल ते बघू लागला.

चौकड्या मोजणारं बोट थांबलं.

धाकटी मांडीवरून उतरली. तुरुतुरु चालत आली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं, हनुवटी वर केली. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी कशीबशी म्हणाले, "माप घे. माप घे तिचं."

त्याने तिच्या डोक्यावर दोरा धरला. तो दोनदा त्याच्या हातातून सुटला. दोरा फरशीपासून बोटभर वर राहिला. धाकटी वाट बघत होती. माप झालं की आई एक प्रश्न विचारते, आणि हा माणूस तो विचारतच नव्हता. शेवटी तिनेच विचारला.

"हा दोला कुणाला?"

"मला," दादा म्हणाला.

तिने मान हलवली. चूक उत्तर. "बाबाला," तिने त्याला समजावलं.

"हो. बाबाला," दादा म्हणाला. "हे बघ, सगळे आहेत माझ्याकडे." त्याने पिशवी तिच्यापुढे पालथी केली.

तिने दोऱ्यांकडे पाहिलं. लाल, हिरवा, आईच्या पेटीतला जांभळा. तिला ते ओळखीचे होते. मग तिने वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. पदराने तोंड दाबून रडत होती, आणि मीही, उघडउघड. मग तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. दादा धाकटीला मांडीवर घेऊन टेबलाशी बसला, धुळीने माखलेल्या वर्दीत, बूटसुद्धा न काढता. वहिनीने त्याच्यापुढे ताट ठेवलं, भात वाढला आणि कपड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.