जयवंतने जागा सोडली नाही

वेसाव्यात कुणाचं घर विचारलं तर लोक आधी त्याच्या होडीचं नाव सांगतात आणि मग गल्ली दाखवतात. तुळशीदास तांडेलांचा मुलगा जयवंत याची ओळख मात्र अशी करून देता येत नाही. तो वर्षातले बरेच महिने बोटीवरच असतो, पण ती बोट सरकारी आहे आणि तिच्यावर मासे धरत नाहीत. समुद्राच्या तळाखाली काय आहे, ते आवाजावरून शोधतात. या विद्येला भूकंपीय भूभौतिकी असं भारदस्त नाव आहे. कोळीवाड्यात तिला सरळ 'जयवंतचं काम' म्हणतात.

मी गावातल्या मच्छीमार संस्थेचा हिशेबनीस. राहायला अंधेरीत, पण दिवस सगळा वेसाव्यात गेला. जयवंतला मी अर्ध्या चड्डीत पाहिलेला आहे, म्हणून हे अधिकाराने लिहितो.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. तुळशीदास हे गावातले नावाजलेले तांडेल आणि जयवंत त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्यात एकच खोट होती. होडी खाडीचं तोंड ओलांडून गेली की त्याला ओकाऱ्या सुरू व्हायच्या. तुळशीदासांनी सगळे उपाय केले. त्याला समुद्राचं पाणी पाजलं, डोलकाठीला पाठ टेकवून बसवलं, उपाशी नेलं, भरल्या पोटी नेलं. पोरगा परत यायचा तो हिरवा पडूनच. भिकाजी तांडेल बंदरावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "तुलशीदासच्या होरीला जाल्याची गरज नाय. पोर ओकते, मावरा आपून गोला होते." मावरा म्हणजे मासळी.

तुळशीदास हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं.

अशाच एका फेरीत पोराने बापाला एक प्रश्न विचारला. तळ कसा आहे ते बघायला तांडेल दोरीला शिसं बांधून खाली सोडतात. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असते, तिला जे चिकटून येईल त्यावरून खाली गाळ आहे की रेती ते कळतं. तुळशीदासांनी शिसं वर घेतलं आणि चिकटलेला गाळ बोटाने चोळून पाहिला.

"बा, गालाच्या खाली काय हाय?"

"खडप." म्हणजे खडक.

"आन् खडपाच्या खाली?"

"तुजा आजा बसलाय. गप ओक."

खलाशी पुढे कित्येक वर्षं हे सांगून हसत असत. पोराने मात्र तो प्रश्न सोडला नाही. होडीचा उपयोग नाही म्हणून त्याला शाळेत घातलं होतं. शाळेतून तो कॉलेजात गेला आणि भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाला. पुढे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या संस्थेच्या कपाटाच्या काचासुद्धा वाजल्या. जयवंत त्या वेळी एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होता. भूकंपाच्या लाटा कोणत्या थरातून किती वेगाने जातात, हे तो त्यानंतर इतकं सांगू लागला, की सोनूबाई, म्हणजे त्याची आई, एकदा मला म्हणाली, "नाना, याचा लगीन करून टाका. डोका तरी जागेवर येल."

लग्न झालं, डोकं होतं तिथेच राहिलं. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात जागा निघाल्या, तेव्हा त्याने अर्ज केला. त्याच्या मनात जमिनीवरच्या तुकड्या होत्या. गुजरातेत कुठेतरी तंबू ठोकायचे, जमिनीत सुरुंग उडवायचे आणि परत येणारा आवाज नोंदवायचा. मुलाखतीला चंद्रप्रकाश नावाचे मोठे अधिकारी होते. त्यांनी पत्ता वाचला. वेसाव्याचं कागदोपत्री नाव वर्सोवा.

"वर्सोवा? कोळी का?"

"हो."

"वडील?"

"तांडेल आहेत."

"मग झालं. मला बोटीवर माणूस हवाच आहे. इथे आलेली निम्मी मुलं पहिल्या दिवशीच आडवी होतात."

जयवंतने मान डोलावली. तांडेलाच्या मुलाने आपल्या तोंडाने कसं सांगायचं, की मला बोट लागते? दुसऱ्या कुणालाही ते सांगता आलं असतं. वेसावकराला येत नाही.

गावात बातमी कळली तेव्हा तुळशीदासांनी बंदरावर पेढे वाटले. भिकाजींना स्वतः नेऊन दिले. "दर्यावर निघाला माजा पोर," इतकंच बोलले. सगळे धरून चालले, की वयाबरोबर ती खोट गेली असेल. जयवंतने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

खोट गेली नव्हती. पहिल्या हंगामात तो बोटीवर जेवढा उभा राहिला, त्याहून जास्त कठड्यावर वाकलेला होता. कामात मात्र चोख होता. ती बोट आपल्यामागे मैलभराहून लांब केबल ओढत जाते. थोड्या थोड्या वेळाने दाबलेल्या हवेचा एक धमाका पाण्यात सोडतात. तो आवाज तळाखाली जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो आणि केबलमधली यंत्रं तो ऐकतात. मला त्याने समजावलं होतं, "नाना, पिंपावर टिचकी मारून पाणी किती आहे ते बघतो ना आपण, तसंच. फक्त पिंप मोठं आहे."

हंगाम संपताना चंद्रप्रकाश साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "काम तुला येतं. पण अर्ध्यावर जागा सोडून पळणारा माणूस मला बोटीवर नको. पुढच्या हंगामापर्यंत बघेन. नाहीतर नोकरी पक्की होणार नाही. जमिनीवर जागा नाहीत."

हे जयवंतने फक्त मला सांगितलं. संस्थेच्या कचेरीत, दार लोटून. नोकरी गेली असती तर ते काम गेलं असतं, आणि बापाने वाटलेले पेढेही फुकट गेले असते.

त्याने त्यावर जो उपाय काढला तो साधा होता. ओकारी थांबत नाही, तर कठड्यापर्यंत जायचंच कशाला? दुसऱ्या हंगामात तो कमरेला एक छोटी बादली बांधून कामाला उभा राहू लागला.

त्याच हंगामात, त्र्याहत्तर सालच्या माघात, पाहणीची एक रेषा वेसाव्यासमोरच्या डोलींच्या जागेवरून आखली गेली. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. केबल त्यात अडकली तर केबलही गेली आणि जाळंही गेलं. म्हणून रेषेच्या वाटेवरच्या डोली एक दिवस काढून ठेवाव्यात, अशी विनंती खात्याने संस्थेला केली. दिवस जयवंतनेच अष्टमीचा सुचवला होता. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याला ओढ नसते, डोलीत फारसं काही पडतही नाही.

सभेला चंद्रप्रकाश साहेब आले होते. जयवंत त्यांच्या शेजारी बुशशर्ट घालून उभा.

भिकाजी उठले. "आमी डोली काढू. पन तुमच्या बोटीवर आपला जयवंत उभा र्‍हातंय का निजतंय, ते सांगा."

लोक हसले. तुळशीदास उठले तसं हसणं थांबलं. "भिकाजी, माजी होरी पाहऱ्याला केबलीच्या संगती चालल. तू बी ये माज्या होरीत. आपल्या डोल्यांनी बग."

जयवंतने शेवटी विचारलं, "वाटेवर कुणाची डोल राहिली नाही ना?" प्रत्येक घराने सांगितलं, आमची राहणार नाही. मी नोंद केली. सगळे खरंच बोलले होते.

बाहेर आल्यावर जयवंत मला म्हणाला, "नाना, बा येतोय. त्याला बादली दिसणार."

"मग त्या दिवशी आत खोलीत बस. यंत्रापाशी."

"मागच्या टोकाला मीच हवा. कोळ्यांच्या खुणा दुसऱ्या कुणाला कळत नाहीत."

अष्टमीला सकाळीच निघालो. होडीत तुळशीदास, भिकाजी, चार खलाशी आणि संस्थेतर्फे मी. ओढ नव्हती पण वारा वायव्येचा होता आणि लाटांना चांगला हिसका होता. सरकारी बोट संथ चालली होती. थोड्या थोड्या वेळाने पाण्याखालून दबका आवाज यायचा आणि होडीच्या फळ्या पायाखाली थरथरायच्या. आम्ही केबलच्या बाजूने अंतर ठेवून चाललो. बोटीच्या मागच्या टोकावर जयवंत दिसत होता, पण लांबून, ठिपक्याएवढा.

मग भिकाजींनी समोर बोट केलं. खुंटाच्या टोकाला बांधलेलं तांबडं फडकं दिसत होतं. रेषेच्या नेमक्या वाटेवर.

ती देवीची डोल होती. गावदेवीच्या जत्रेआधी गाव एक डोल देवीच्या नावाने लावतं. तिच्यात पडेल ते देवीचं. ती कुणा घराची नसते, म्हणून सभेत ती कुणाच्या तोंडी आलीच नाही. मला आठवली नाही, तुळशीदासांना नाही, आणि जयवंतलाही नाही. तोही शेवटी वेसावकरच. त्यातून ती डोल जत्रेच्या दिवसापर्यंत समुद्राबाहेर काढायची नाही, अशी रीत आहे.

"आथा?" भिकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

तिकडे बोटीवर जयवंतलाही फडकं दिसलं होतं. पुढे काय झालं ते त्यानेच मला सांगितलं. बोटीवर असलेले चंद्रप्रकाश साहेब त्याच्या अंगावर ओरडले, "तू म्हणालास सगळी जाळी काढली." बोट थांबवता येत नव्हती, थांबली की केबल तळाला जाते. वळवली की रेषा फुकट, आणि चूक जयवंतच्या नावावर. जयवंत म्हणाला, "वळवू नका. माझा बाप ती डोल उचलेल."

"खात्री?"

"तांडेल आहे."

आणि तो कठड्यावर चढून दोन्ही हात हलवू लागला. आम्ही खुंटाकडे वळलो तसे बोटीच्या बरेच जवळ आलो. तेव्हा तो आम्हाला स्पष्ट दिसला. एक पाय कठड्याच्या गजात अडकवलेला, कमरेला बादली. तो हात हलवायचा, वाकायचा, बादलीत ओकायचा, तोंड बाहीला पुसायचा आणि पुन्हा ताठ होऊन हात हलवायचा. चेहरा लहानपणी व्हायचा तसाच हिरवा. जागेवरून हलत मात्र नव्हता.

तुळशीदास बघतच राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग तुळशीदासांनी पागोटं काढून फळीवर ठेवलं, फडक्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "आये, तुजा तुला घरपोच देतंव." खलाशी अजून दबकत होते. दोराला पहिला हात तांडेलांनी घातला. दुसरा भिकाजींनी. मग सगळेच लागले. ओली डोल जड असते. शेवटचा भाग होडीत आला तेव्हा केबल आमच्या बाजूने सरकून गेली. मी हात लांब केला असता तर पाण्यातून लागली असती, इतकी जवळून.

बोटीवरून जयवंतने एक हात वर केला. तुळशीदासांनीही केला. तेवढंच.

परत येताना तुळशीदास सुकाणूवर बसले. मग मला म्हणाले, "नाना, बादलीची गाठ बगलीत? होरीवर पिंप बांधतंव ती गाठ हाय. मी शिकवलेली."

संध्याकाळी डोलीत आलेली मासळी सोनूबाईने डोक्यावर घेऊन देवळात पोचवली. रीत मोडली म्हणून चार म्हाताऱ्या कुरकुरल्या. सोनूबाई म्हणाली, "देवीला ताजा मावरा मिलला, ती काय नको बोलली नाय." विषय तिथे मिटला.

बंदरावर बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांपाशी दुसऱ्या दिवशी माणसं जमली होती. होडीतल्या खलाशांनी सगळं सांगून टाकलेलं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "तांडेल, तुजा पोर अजून ओकते म्हनं."

उत्तर तुळशीदास देणार होते, पण आधी भिकाजी वळले. "ओकते. तू न ओकता काय केलंस ते सांग."

तुळशीदास मग सावकाश म्हणाले, "मना दर्या कंदी लागला नाय. मी उभा र्‍हायलो त्यात माजा काय मोठेपन? त्याला लागते, रोज लागते, आन् तो जागा सोडत नाय."

त्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जयवंतची नोकरी पक्की झाली. चंद्रप्रकाश साहेबांनी शेऱ्यात बादलीचा उल्लेख केला नाही. बोटीवर मात्र नव्या मुलांना ते ती दाखवू लागले. आमच्या डोलींखाली तेल निघालं नाही. जयवंतने कागदावरच्या रेघोट्यांवरून दाखवलं, गाळाखाली काळा दगड आहे, खोल, फार खोलवर. पुढच्या वर्षी लांब समुद्रात, बॉम्बे हायला, तेल लागलं. तेव्हा गावाने ते जयवंतचंच मानलं. तो जीव तोडून सांगायचा, की त्या पाहणीत मी नव्हतो. भिकाजी म्हणायचे, "र्‍हाव दे रे, लाजू नको."

आता तो स्वतः तुकडीचा उपप्रमुख आहे. तुळशीदास समुद्रावर जात नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. तरी पावसाळा सरून बोट निघायची झाली, की ते ओट्यावर बसून जयवंतची बादली मागून घेतात. जुना दोर ओढून बघतात, झिजला असला तर नवा लावतात, आणि गाठ स्वतः मारतात.

"बा, मला येते ती गाठ," जयवंत म्हणतो.

"ठाऊक हाय," ते म्हणतात, आणि गाठ आणखी आवळतात.