हमायाकची आंबट द्राक्षं

हमायाक किझिरियान फेब्रुवारीत गेला आणि ऑगस्टात चर्चला द्राक्षं द्यायची पाळी त्याच्या बागेवर आली.

सांगायला मिसाककाका स्वतः आला. हा हमायाकचा सोंगट्यांतला जोडीदार, म्हणजे जन्माचा वैरी. हमायाकच्या लेकीनं, अराक्सीनं ठेवलेली कॉफी त्यानं सावकाश संपवली, मग म्हणाला, "पोरी, द्राक्षं तू आण. साखरेचा डबा मी आणतो."

अराक्सी हसली नाही. बापाच्या हयातीत हा विनोद तिनं पोटभर ऐकला होता.

हमायाकचा बाप खारपूतहून अंगावरच्या कपड्यांनिशी परमुलखात, फ्रेस्नोत उतरलेला. बरोबर आणलं काय, तर बायको आणि बायकोचा नेम. ऑगस्टात पाद्री द्राक्षांना आशीर्वाद देत नाही तोवर एक मणी तोंडात घालायचा नाही. नेम आपल्या खारपूतकडच्या लोकांत सगळ्यांचाच. पण बाकीचे गुपचूप मोडायचे, हमायाकनं तो पाळला आणि पाळतो हे गावाला ऐकवत राहिला. खरं तर नेम त्याला फुकटात पडला होता. माल बेदाण्याचा, तोडणी आशीर्वादानंतरचीच. तेवढा दम धरायला साधू व्हावं लागत नाही. पण हा गडी जुलैपासूनच बागेत तोंड गच्च मिटून हिंडायचा, जसे काही मणी उडून आत शिरणार आहेत.

मग एका वर्षी चर्चला द्राक्षं द्यायची पाळी त्याच्यावर आली आणि नेम अंगाशी आला. त्या वर्षी ऊन उशिरा तापलं होतं. घड दिसायला देखणे, पण गोडी भरली का नाही हे चाखल्याशिवाय कळायचं कसं? बायको म्हणाली, एक मणी चाखा, देव काय बांधावर बसलेला नाही. हमायाकनं दुसरीच तोड काढली. शेजारचा यॅन्सन डेन्मार्ककडचा, त्याच्या देवाला द्राक्षांचं सोयरसुतक नव्हतं. त्याला बोलावलं. त्यानं घडच्या घड फस्त केला, बोटं चाटली, झकास आहेत म्हणाला. हा माणूस रोज सकाळी आंबटढाण शिरक्यात मुरवलेला मासा खातो हे हमायाकला ठाऊक होतं. पण आठवलं ते रविवारी, पहिला मणी दाताखाली फुटल्यावर.

अख्ख्या चर्चचे दात आंबले. आशीर्वादाचा मणी थुंकता येत नाही. पाद्र्याचा एक डोळा मिटला तो मिटलाच. नवरा गेला तेव्हा टिपूस न काढलेल्या नवार्तआत्याच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. माणसं छातीवर क्रूस काढत काढत गिळत होती. आणि हमायाक पहिल्या बाकावर बसून घड संपवत होता, तोंड जराही वाकडं न करता.

बाहेर मिसाकनं त्याला धरलं. हमायाक म्हणाला, "देवानं पयली मागितली व्हती. गोड मागितली न्हवती."

त्या दिवसापासून तो लिंबूवाला झाला. मयताच्या जेवणातसुद्धा मिसाकनं कोशिंबिरीवर लिंबू पिळता पिळता त्याची आठवण काढली.

आता पाळी अराक्सीवर. यंदाही आंबट निघाली तर बापाचं नाव कायमचं लिंबाला बांधलं जाणार. आणि चाखावं तर बापानं जन्मभर मिरवलेली एकुलती एक गोष्ट मोडायची. म्हातारा यॅन्सन कुंपणावरून मान काढून विचारत होता, मी सांगू का चाखून? तिनं त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं.

शनिवारी ती परात घेऊन बागेत शिरली. घराजवळची पहिली ओळ आजोबानं लावलेली. बाप असता तर त्यानं तिथलेच घड कापले असते. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मणी तोंडात टाकला.

तिचाही एक डोळा मिटला.

मग काय, नेम मोडायचा तर रीतसर मोडावा म्हणून ती ओळीमागून ओळ चाखत गेली. पार कालव्याकडच्या ओळीत गोडी सापडली. परात तिथल्या घडांनी भरली आणि तळाशी, पानाखाली, पहिल्या ओळीतला एक घड ठेवला.

रविवारी आशीर्वाद झाला. माणसांनी एकेक मणी घेतला आणि एकमेकांकडं बघत बसली. कुणी आधी चावेना. शेवटी नवार्तआत्यानं धीर केला. मग सगळ्यांनीच. कुणाचंच तोंड वाकडं झालं नाही.

"गोड हायेत," मिसाककाका म्हणाला. तक्रार केल्यासारखाच. "चाखलीस व्हय?"

"चाखली."

"किती?"

"पोट भरस्तवर."

"तुझा बाप मेला असता, पर त्येनं मणी चाखला नसता."

"म्हणून तर तुमी सगळी रडला व्हता, काका."

मिसाकनं आणखी एक मणी चघळला. चव आवडली नसावी. परातीकडं बघत म्हणाला, "त्येच्या ओळीतलं काय आणलं न्हाईस?"

अराक्सीनं तळचं पान उचलून घड त्याच्या हातात ठेवला. त्यानं मणी तोडून तोंडात टाकला. एक डोळा मिटला, गालफडं आत गेली, कान हलले. आशीर्वादाचा होता, गिळावाच लागला.

"बेणं," तो म्हणाला, आणि दुसरा तोडला.