वलगाव ते अकोला, बारा चित्रं घेऊन

अमरावतीहून अकोल्याला आता मोटारीनं दोनेक तासांत पोचता येतं. साठ सालानंतर कधीतरी मी चित्रं घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा वलगावाहून पहाटे निघून पोचायला दुपार टळली होती. त्यातला निम्मा वेळ माझ्या मिजाशीनं खाल्ला.

मुंबईच्या चित्रशाळेतून नुकताच परतलो होतो. झब्बा लांब, केस त्याहून लांब, काम शून्य. अकोल्याच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी कळवलं, दोन दिवस हॉल मोकळा आहे, चित्रं लावा. माझा विषय एकच: डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली बाई. बारा चित्रं, बारा बाया, आणि बाराही म्हणजे माझी माय. वांगी-मेथी डोक्यावर घेऊन ती अमरावतीच्या बाजारापर्यंत चालत जायची, त्यावर मी शिकलो. तिनं माझं एकही चित्र पाहिलं नव्हतं. तिला हॉलमध्ये न्यायचं आणि तिनं बघून म्हणायचं, "हे तं मीच!" एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता.

मायला सोबत घेऊन निघालो. अमरावतीपर्यंत मोटार, तिथून बडनेऱ्याला छोटी गाडी, मग अकोल्याची पॅसेंजर. चित्रं टपावर टाकायला मी तयार नव्हतो म्हणून पहिली मोटार सोडली आणि पुढची पॅसेंजर चुकली. बडनेऱ्याच्या हमालानं गठ्ठा चाचपून विचारलं, "काच हाय का आत?"

"नाही, कला आहे," मी मान ताठ करून म्हणालो.

"मंग हलकीच असन," म्हणत त्यानं गठ्ठा बगलेत मारला.

मूर्तिजापूरला मायनं भाकरी आणि ठेचा सोडला. डब्यात चार लोकांसमोर चित्रकारानं ठेचा काय खायचा, म्हणून मी नको म्हणालो. गाडी हलल्यावर तीन भाकरी खाल्ल्या. कोणी या वाटेनं जाणार असेल तर शिदोरी बांधून घ्या आणि लाज घरी ठेवा.

चित्रं लावल्यावर हॉल छान सजला. मास्तर आले, दोन-चार मास्तरणी आल्या, एक वकीलसाहेब आले. मी त्यांना ‘भाराची लय’ समजावून सांगत होतो. तेवढ्यात माय पाय धुऊन आत आली. पदर सारखा करून तिनं एकेक चित्र पाहिलं. बारावं झाल्यावर परत पहिल्यापाशी गेली.

"बाबू, चुंबळ कुठं हाय?"

डोकं आणि टोपली यांच्यामध्ये फडक्याचं वेटोळं ठेवतात, ती चुंबळ. बारापैकी एकीच्याही डोक्यावर ती नव्हती! मुंबईत चित्रासाठी उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर रिकामी टोपली होती. तिला कशाला हवी चुंबळ? ती मजेत हसत उभी राहायची आणि मी त्याला खेड्यातली सोशिकता समजून रंगवत होतो. आमच्या सरांनी पाठही थोपटली होती.

"हे मी नाई," माय म्हणाली. "चुंबळीबिगर एवढं कोन चालन? डोक्स फुटन ना!"

मास्तरणी फिस्सकन हसल्या. वकीलसाहेब मदतीला धावले. "कलावंताला एवढी मोकळीक असते, आई."

"असन बाप्पा. पन वझं तं बाईचं हाय ना?"

मी तिथल्या तिथे रंग काढून पहिल्या बाईला घाईघाईनं चुंबळ घातली. माय जवळ आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "जिलेबी झाली." कुंचला ठेवून दिला मी. परतीच्या गाडीत ती अख्ख्या डब्याशी बोलली, मी खिडकीशी रुसून बसलो.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी माय बाजाराला निघताना मी म्हणालो, "आज मी नेतो." तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून डोक्यावर ठेवला, वर वांग्यांची टोपली दिली. गाव संपायच्या आतच मान आखडली. कोणीतरी हाक मारली तर वळून बघता येईना, नुसते डोळे फिरत होते. आणि माझ्या बारा बाया कशा झोकात माना वळवून बघत होत्या!

"दुखून राहिली का मान?" मायनं मागून विचारलं.

"हो."

"माही तं रोजच दुखते."

इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली. रस्त्यातच रडू आलं, तर डोक्यावरची टोपली सांभाळत डोळेही धड पुसता येईनात.

पुढे कित्येक महिने पहाटे उठून मी तिच्या मागून बाजाराला जात राहिलो. अकोल्याची बारा चित्रं माळ्यावर गेली, ती तिथेच वाळवीनं खाल्ली. वाळवीचं बरोबरच होतं. त्या प्रवासातून घरी राहिलं ते त्यानंतर काढलेलं एकच चित्र: चुंबळीवर भरली टोपली, मान आखडलेली, डोळे तेवढे वळलेले. ते पुरं झालं त्या दिवशी मी मायला बोलावलं. ती समोर उभी राहिली. मग चित्रावरची नजर न काढता टोपली धरावी तसा तिनं हात आपल्या डोक्याकडे नेला आणि म्हणाली, "उतरवू लाग बाबू, लय वेळ झाला."