ओठाचा तुकडा

प्रेवेझा बंदराच्या धक्क्यावरून मोठी बोई मासळी धरायची तर माणसं दोन लागतात, उगाच शहाणपणा करू नये. धक्का पुरुषभर उंच आणि बोईचा ओठ भिजल्या कागदासारखा. दोऱ्याने वर ओढलीत की ओठ फाटलाच. एकाने गळाची काठी सांभाळून तिला पाण्यातच दमवायची, दुसऱ्याने लांब दांड्याची जाळी हळूच तिच्याखाली सारायची.

झाफिरिस न्हावी काठीवाला, स्टाथिस सुतार जाळीवाला. वीस वर्षं जोडी जमली होती. शिळा पाव भिजवून, घट्ट पिळून, त्यात खारं चीज कुस्करून झाफिरिस असं आमिष मळायचा की बोया दुसऱ्या कुणाच्या गळाकडे बघत नसत. नवख्यांना तो दम भरायचा, "थांबा रे! बोई चावत नाही, चोखते. दोऱ्यावरचं बूच पुरतं बुडू दे, मग उचला."

आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात तोच थांबला नाही. बूच नुसतं थरथरलं आणि याने हिसका दिला. बोई लागली खरी, केवढं धूड! धक्काभर माणसं गोळा झाली. स्टाथिसने जाळी खाली सारली आणि नेमकी तेव्हाच बोई सुटली.

"जाळी आपटलीस! आंधळा आहेस का रे?" झाफिरिस सगळ्यांसमोर ओरडला. लोक खो खो हसले.

मग त्याने गळ हातात घेतला. गळाला ओठाचा तुकडा लोंबत होता. जाळीचा धक्का लागता तर गळ साफ सुटून आला असता; ओठ फाडला होता त्याच्याच हिसक्याने. झाफिरिसला ते एका नजरेत कळलं, आणि त्या मेल्याने तो तुकडा अंगठ्याने उडवून दिला. स्टाथिसने जाळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो धक्क्याच्या पार त्या टोकाला बसू लागला.

अकरा वर्षं दोघं एकेकटे बसले. मोठी बोई एकालाही मिळाली नाही. रोज सकाळी पाव मळताना झाफिरिस ठरवायचा, आज जाऊन सांगायचं. आणि रोज आपल्याच टोकाला जाऊन बसायचा.

गेल्या मंगळवारी स्टाथिसची काठी वाकली. त्याने एकदाच इकडे पाहिलं. झाफिरिसने हातातलं आमिष टाकलं, जाळी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावला. बोई जाळीत आली.

"स्टाथ्या," तो धापा टाकत म्हणाला, "त्या दिवशी..."

"माहीत आहे. तू उडवलास तो तुकडा माझ्याच बुटावर पडला होता."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? ते तू बोलायचं होतंस."

"आज बोलतो. कॉफीच्या दुकानात, सगळ्यांदेखत. तू समोर बस."

"दुपारच्या बसने पोरीकडे पात्रा शहरात चाललोय, झाफिर्‍या. कायमचा." स्टाथिसने बोई ओल्या फडक्यात गुंडाळली. "तू सांग मात्र."

संध्याकाळी झाफिरिस दुकानात उभा राहिला. "ती मोठी बोई मी घालवली," तो म्हणाला. "स्टाथिसचा काही दोष नव्हता."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्या दिवशी हसलेले निम्मे तर कबरस्तानात होते.

"कुठली बोई, काका?" दुकानदाराने कप पुसत विचारलं. "आणि स्टाथिस कोण?"

"सुतार. धक्क्याच्या त्या टोकाला बसायचा तो."

"हात्तिच्या! आंधळ्या होय? मग तसं सांगा ना."