भराईवाले चाचा

चाचांना कोरी फीत सहन व्हायची नाही. आपण दिलेली गाण्यांची यादी संपली आणि कॅसेटच्या एका बाजूला दोन-तीन मिनिटं उरली, की ते अस्वस्थ व्हायचे. "खाली फीता हम किसी को नहीं देते," म्हणत उरलेल्या जागेत काहीतरी भरल्याशिवाय कॅसेट हातात ठेवायचे नाहीत. या उरलेल्या जागेतल्या गाण्याला ते 'भराई' म्हणत. म्हणून लखनौच्या अलीगंजमधली आम्ही सगळी पोरं त्यांना भराईवाले चाचा म्हणायचो, तोंडावरसुद्धा.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. दोन डेक, एक जाडजूड हेडफोन, छतापर्यंत कॅसेटी. वहीच्या कागदावर यादी लिहून न्यायची, चार दिवसांनी आपली कॅसेट तयार. पण यादी दिली की आधी तिची परीक्षा व्हायची. "चारों गाने एक ही आदमी के? बीच में साँस तो लेने दो, बिटिया." किंवा, "रोने के बाद सीधे नाचोगी? बीच में एक हल्का वाला डालते हैं." माझ्या यादीत दोन इंग्रजी गाणी हमखास असत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. चाचा चष्म्यावरून बघायचे. "ये दो किसको दिखाने के लिए हैं?"

मैत्रिणींना दाखवायलाच होती. माझे वडील वायुसेनेत, बख्शी का तालाबच्या तळावर, शिक्षण दहावी. आई चौथीपर्यंत. आम्ही साताऱ्याकडचे. शाळेतल्या मुलींच्या घरी पुस्तकांची कपाटं होती, आमच्या घरी गव्हाची कोठी. माझ्याकडे मिरवायला काय, तर पॉप गाण्यांची कॅसेट. पुढे आमच्या सगळ्या घराण्यातली पहिली पदवी मी घेतली. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

भराईची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. चाचा उरलेल्या फितीकडे नुसतं बघायचे आणि आतल्या पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, "सुनो, ढाई मिनट." मग चाची यायच्या. कधी हाताला कणीक, कधी ओला पदर. स्टुलावर बसायच्या, चाचा माइक पुढे करायचे आणि त्या गायच्या. लग्नातली, श्रावणातल्या झोक्याची, बाळ जन्मल्यावरची गाणी. ना पेटी ना ढोलक. बरोबर अडीच मिनिटांत गाणं संपवायच्या, आणि "चाय चढ़ी है" म्हणून परत आत. प्रत्येक कॅसेटला नवं गाणं, त्याच कॅसेटवर थेट भरलेलं. चाचा मग कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकायचे. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. "अब इसे कोई मिटा नहीं सकता," असं म्हणताना त्यांचा चेहरा फार समाधानी दिसायचा.

आम्हाला भराईची लाज वाटायची. वर्गातल्या रश्मीच्या वाढदिवसाला माझी कॅसेट लावली होती. सगळ्या नाचत होत्या. शेवटचं पॉप गाणं संपलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि एकदम चाचींचा तो बारीक, न सजवलेला आवाज खोलीभर झाला.

"अरे, ये कौन आंटी आ गईं?" रश्मी म्हणाली.

"इसकी मम्मी होगी," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मी धावत जाऊन टेप बंद केला. माझ्या आईला नावं ठेवली म्हणून मला राग आला नव्हता. चाचींचाच आला होता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी नोट्स मोठ्याने वाचून कॅसेटवर भरल्या, म्हणजे पोळ्या लाटताना ऐकता येतील. घरात कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या टिकलीच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, की कॅसेट पुन्हा भरता येते, हे लखनौतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मी बोळा कोंबला. भराई असलेली बी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत भरली. त्या नोट्सवर मी पास झाले आणि पुढे सरकारी नोकरीची परीक्षाही काढली. म्हणून बाकीच्या कॅसेटी घरं बदलताना गेल्या तरी ती मी जपून ठेवली. दुसऱ्या लोकांच्या घरात बक्षिसाच्या ढाली असतात, माझ्या कपाटात ती होती.

गेल्या वर्षी चाचा माझ्या दारात उभे राहिले. पंचवीस वर्षांनी. केस पांढरे, हातात हेल्मेट. चाची त्याआधीच्या थंडीत गेल्या होत्या.

"बिटिया, तुम्हारे पास तो होगी."

आधी मला कळेचना. मग त्यांनी खिशातून नावांची चिठ्ठी काढली. तीन महिने ते चाचींच्या आवाजासाठी जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवत होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला आलमबागपर्यंत जाऊन आले होते. कोणी कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या होत्या, कोणाच्या फितीला बुरशी लागली होती. एकाने पोपट उडवायला पेरूच्या झाडाला फीत बांधली होती. चाचांनी शिडी लावून ती सोडवली, घरी आणून गुंडाळली, वाजवली. उन्हापावसाने तिच्यात नुसती खरखर उरली होती.

"पण चाचा, घरी एकही ठेवली नाहीत?" मी मराठीत विचारलं, घाबरले की मी मराठीत जाते. मग हिंदीत विचारलं.

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "घर में तो वो ख़ुद थीं."

जाताना म्हणाले, "पढ़े-लिखे लोग चीज़ सँभालकर रखते हैं. इसलिए तुम्हारा नाम आख़िर में रखा था, आख़िरी आस."

मी म्हणाले, शोधते. कपाट त्यांच्यापासून तीन पावलांवर होतं.

मग रोज सकाळी फोन. "मिली?" "नहीं चाचा, देख रही हूँ." मी ऑफिसात साहेबाला तोंडावर बोलणारी बाई, पण इथे जीभ उचलेना. मैत्रिणींना फोन केले. रश्मी आता बंगळूरला. तिला भराई हा शब्दही आठवेना. अकराव्या दिवशी आई म्हणाली, "सांगून टाक गं त्यांना. म्हातारा माणूस फोनपाशी बसून राहतोय. आणि तू इथं जेवत नाहीस."

मी कॅसेट घेऊन गेले. चाचांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि त्यांचा अंगठा त्या कागदाच्या बोळ्यावर थांबला. त्यांना तिथेच सगळं कळलं. तरी डेकवर लावली. "सस्ते टेप में कभी-कभी नीचे का रह जाता है," ते म्हणाले. स्पीकरला कान लावून बसले. माझा एकोणीस वर्षांचा आवाज नद्यांची नावं सांगत होता, मग राज्यघटनेची कलमं, मागे आमच्या कुकरची शिट्टी. अर्धा तास. बाजू संपली. त्यांनी मागे गुंडाळून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"चाचा, त्याच्यात नाहीये."

त्यांनी डेक बंद केला. मग म्हणाले, "तुमने सुना तो था? मिटाने से पहले?"

"हाँ."

"तो सुनाओ."

मला गळा नाही. शाळेत प्रार्थनेलाही मला मागच्या रांगेत उभं करत. पण ते गाणं मी लाजत का होईना, शंभर वेळा ऐकलं होतं. झोक्याचं होतं. शब्द आठवत गेले. मी दोन ओळी म्हटल्या आणि चाचांनी मान हलवली. "नहीं. यहाँ ठहरती थीं." पुन्हा म्हटल्या. "नहीं, इतना ज़ोर नहीं. रसोई से आई हैं, थकी हुई हैं."

दर रविवारी जाऊ लागले. ते डोळे मिटून बसायचे, मी म्हणायची, ते थांबवायचे, मी पुन्हा म्हणायची. परीक्षेची तयारी कशी करायची ते मला येतं. घरी पोळ्या लाटताना घोकायची. सहाव्या का सातव्या रविवारी चाचा एकदम म्हणाले, "हाँ. हाँ, ऐसे ही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला निकाल लागल्यासारखं वाटलं. वाटलं, फेडलं बाई. येताना मी हलवायाकडून जिलेबी घेतली.

पुढच्या रविवारी मी पहिला शब्द उच्चारला आणि त्यांनी हात वर केला.

"बस, बिटिया."

"गलत हुआ?"

"नहीं. बिल्कुल सही है." ते हेडफोनची वायर उगाच सरळ करत होते. "सवेरे चाय चढ़ाते हुए हम उनको याद कर रहे थे. गाती हुई. रोज़ करते हैं." मग वायर खाली ठेवली. "आज आवाज़ तुम्हारी आई."

ते उठले, माझ्यापुढचा कप उचलून आत गेले. नळ सुरू झाला. मी तिथेच बसून चाचींना आठवायचा प्रयत्न केला. स्टूल आठवलं, ओला पदर आठवला, हाताची कणीक आठवली. त्यांनी तोंड उघडलं आणि मी गात होते.