गाडीला कॅनभर, तिला वाटीभर

आमच्या घरातली रवी ताकात कमी आणि इंजनावर जास्त असायची. माझी बायको महानंदा बॉनेट उघडायची, चालू इंजनावर रवीचं एक टोक टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावून डोळे मिटायची. कुठल्या भागात खरखर आहे ते तिला असं कळायचं. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं एकदा विचारलंच, "नंदाकाकू, लोणी आलं का?"

डोळे न उघडता ही म्हणाली, "येऊन राहिलंय. तुझ्या नवऱ्याच्या डोक्याला बी लावून बघते एकदा. काही खळखळतंय का आत."

ती उदगीरची. तिच्या बापाची पिठाची गिरणी होती, जुन्या डिझेल इंजनावर चालणारी. पट्टा निसटायच्या आधी इंजनाचा आवाज बदलतो हे तिला परकर नेसायच्या वयात ठाऊक झालं. मी जन्मभर गाड्या चालवल्या. आधी काळी-पिवळी जीप, मग नांदेडला रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराकडं ड्रायव्हर. पण मला स्टेअरिंगच्या पुढचं काही कळत नव्हतं. गाडी बंद पडली की मी बिडी पेटवून मिस्त्रीची वाट बघणारा माणूस.

त्या गुत्तेदाराची परदेशी बनावटीची, लांबलचक काळी गाडी होती. आत बसलं की पोटातलं पाणी हलत नसे. त्यानं नवी घेतली आणि जुनी लिंबाखाली उभी केली ती उभीच. मी काम सोडलं त्या दिवशी तो म्हणाला, "घेऊन जा मामा, नाहीतरी कोंबड्या अंडी घालून राहिल्यात तिच्यात." ट्रॅक्टरला बांधून मी ती अहमदपूरला आणली. महानंदा दारात उभी होती.

"अय्यो शिवा! हत्ती मेला तर मेला, त्याला घरी कशाला वढून आणलात?"

असं बोलली आणि पदर खोचून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग खाली वाकली. "बघू तरी कशानं मेला."

बसस्टँडमागं मशाक मिस्त्रीचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो काही आणा, मशाकभाई खोलणार. त्याला बोलावलं. त्यानं पुढं सगळं धुंडाळलं, बॅटरी काही सापडेना. "भाभी, ये गाडी नै, बला है. इसकू दिलच नै है." मग वायरीच्या मागोमाग जात दोघांनी मागची डिक्की उपसली. दिल तिथं होतं. तिथून पुढं हा मशाक आमच्या घरचाच झाला. तो जड सामान उचलायचा, ती ऐकायची, आणि दोघं तास तास भांडायची.

तिचा एक जुना मसाल्याचा डबा होता. मोहरीच्या वाटीत बारीक स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत वायसर, हळदीच्या वाटीत क्लिपा. खोलताना जे जिथून निघालं ते त्याच क्रमानं चादरीवर मांडायची. कुणी वरून ओलांडलं तर अंगावर धावून जायची. ही गाडी चाकांजवळच्या हवेच्या रबरी पिशव्यांवर उभी राहते. एक पिशवी गळायला लागली की सकाळी मागचा कोपरा बसलेला, म्हशीनं बसकण मारल्यासारखा. महानंदानं भांडी घासायच्या साबणाचं पाणी केलं, पिशवीवर शिंपडलं आणि बुडबुडा येईस्तोवर टक लावून बसली. "हां, इथून नाक वाहतंय हिचं," म्हणाली. मग मशाकनं नांदेडच्या भंगारातून दुसरी पिशवी आणली.

लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला लोक ती गाडी मागायचे. शिरूर अनंतपाळला एका लग्नात भर मांडवासमोर हॉर्न अडकला आणि थांबेचना. भटजी खोळंबले, नवरीचा बाप माझ्याकडं बघून लाल झाला. ही पाहुणी म्हणून आली होती, अंगावर इरकल. तशीच येऊन डॅशबोर्डखाली हात घातला, एक फ्यूज उपटला, आणि नवरदेवाला म्हणाली, "बाळा, गाडी गप झाली. आता जन्मभर वरडायची पाळी तुझी."

तिच्या हसवायच्या गोष्टी माझ्याकडं एवढ्याच नाहीत. पण पुढचं सांगायचंय, आणि ते सांगताना हसू येत नाही.

तिच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, जिवंत आहे तोवर. एक वारी चुकली तर अंगात पाणी साठणार, छातीपर्यंत चढणार. बाहेर येऊन ही मला म्हणाली, "तोंड कशाला पाडलंत? गाडीचं ऑइल बदलतो तसं माझं बदलायचं. माझं फिल्टर गेलंय, बस."

अहमदपूरहून लातूर. पहिल्यांदा एसटीनं गेलो. येताना ती सीटखाली बसली, उलट्या थांबेनात. मग भाड्याची जीप केली. दणक्यांनी तिचं अंग असं गळालं की मला उचलून घरात न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी मी ही काळी गाडी काढली. मागच्या सीटवर उशी देऊन आडवी केली. चाकूर गेलं तरी तिला झोप लागलेली. त्या दिवशी मला कळलं की माझ्या बायकोचा जीव आता या म्हाताऱ्या गाडीत आहे.

आणि गाडी तिच्यासारखीच आतून चाललेली. तिचा रेडिएटर पाणी धरेना. निघताना भरायचं, चाकूरला भरायचं, लातूरच्या वेशीवर भरायचं. डिक्कीत पाण्याचे कॅन ठेवलेले. आणि महानंदाला पाणी बंद. दिवसाला मोजकं, घोट घोट. उन्हाळ्यात तिची जीभ टाळूला चिकटायची, ओठांवर पापुद्रे यायचे. तरी गाडी थांबली की उतरायची, माझ्या हातातला कॅन हिसकावून घ्यायची आणि स्वतः ओतायची. पाणी आत जाताना त्याच्याकडं बघत राहायची. "पी बाई. हिला कॅनभर, मला वाटीभर. तू तरी पोट भरून पी." मी तोंड फिरवायचो. मला ते बघवत नव्हतं.

मशीनसाठी तिच्या डाव्या हातात शीर जोडली होती. त्या हातानं जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. मग तिनं अंगणात खुर्ची टाकली आणि मला सांगितलं, "इथून पुढं हात तुमचे, डोकं माझं. मी असेन तोवर शिकून घ्या."

"मला न्हाई जमायचं," मी म्हणालो. "या वयात?"

"मला तरी या वयात मरायला कुठं जमून राहिलंय? शिकायलेच की."

तिला बरं असेल त्या दिवशी आमची शाळा भरायची. माझे हात नांगरासारखे. मी नट पिळायचो, तो तुटायचा. क्लिप काढताना मी ओढली की कडकन आवाज. ती कपाळावर हात मारायची. "अवो, प्लास्टिक हाय ते! सासरवाडीचं दार न्हाई धडका द्यायला!" मी चिडून पाना फेकायचो. ती पान्याकडं बोट दाखवायची. मग हळू म्हणायची, "उचला. नट हाताला कळतोय, ताकदीला न्हाई. आधी उलटा फिरवून बघा, मग सुलटा बसवा. दम धरा." मी पाना उचलायचो. न उचलून करतो काय?

एका सोमवारी निघायच्या वेळी गाडीखाली पाण्याचं तळं. इंजनात पाणी फिरवणारा पंपच फुटला होता. आमची पोरगी सुरेखा नांदेडला दिलीय. तिनं फोनवरून आरडाओरडा करून दुसरी गाडी पाठवली. त्या गाडीत जाऊन महानंदाचं बीपी इतकं खाली गेलं की दवाखान्यात तिला पुरतं मशीनवर ठेवताच आलं नाही. अर्ध्यातच काढली. घरी आणली तर आडवं होता येईना. आडवी झाली की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून बसून राहिली. छातीत घरघर. मी आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो.

मशाक नांदेडला जाऊन जुना पंप घेऊन आला. दवाखान्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं होतं. म्हणजे तोवर गाडी उभी करायचीच. अंगणात मी आणि मशाक, आणि दारात भिंतीला टेकलेली ही. एका वाक्याला तीन श्वास घेत सांगत होती.

"पट्टा... कसा निघाला... ते बघून ठिवा."

"भाभी, तुम चुप बैठो, मैं हूँ ना," मशाक म्हणाला.

"तू हायस म्हणूनच... बोलून राहिलेय."

मशाक हसला आणि हसता हसता खांद्याला डोळे पुसले. शेवटचा नट मी आवळला. तिनं बोटानंच खूण केली, अजून थोडा. मी फिरवला. बस, अशी खूण केली. पाणी भरलं, इंजन चालू केलं, खाली वाकून बघितलं. एक थेंब नाही. मी अंगणातच बसलो आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "रडायला... लातूरला जाऊ. तिथं... ए.सी. हाय."

त्या वेळी ती वाचली. त्यानंतर उन्हाळाभर आम्ही एकही वारी चुकवली नाही. मी गाडी शिकत गेलो आणि ती विझत गेली. मला वाटायचं, गाडी चालू ठेवली की हिचाही जीव चालू राहील. अडाणी माणूस असाच विचार करतो. मी रोज सकाळी बॉनेट उघडायचो, पाइप चाचपायचो, आणि मनात म्हणायचो, शिवा, एवढी एक वारी.

मे संपता संपता मशीनवर असतानाच तिचा प्राण गेला. त्या वेळी सुरेखा सोबत आलेली होती. नर्सनं बाहेर येऊन माझ्या हाताला धरलं.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते. आडवी नेली असती तर घरी पोचेस्तोवर ताठली असती. मी डॉक्टरला सांगितलं, मी तिला माझ्या गाडीत नेतो, बसवून. भला माणूस होता. कागद करून दिले आणि स्वतः दारापर्यंत आला. मागच्या सीटवर आम्ही तिला मांडी घालून बसवलं, शालीनं बांधलं. सुरेखा तिला धरून बसली. मी गाडी काढली.

चाकूरच्या अलीकडं इंजनाच्या गरमीचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरचा वरचा पाइप टोकाला फाटला होता. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. सुरेखा म्हणाली, "बाबा, राहू द्या. दुसरी गाडी बोलवा."

"न्हाई," मी म्हणालो. "हिला परत उचलायची, वाकवायची? न्हाई."

समोर रसवंती होती. रसवाला पाण्याची घागर घेऊन धावत आला. गाडीत डोकावून म्हणाला, "मावशींना तरी सावलीत बसवा की हो काका. लई थकल्यात."

"राहू द्या. तिला हलवायचं न्हाई," मी म्हणालो. तो काही समजला नाही. त्यानं आपली चिंचेची फांदी तोडून काचेवर सावली धरली.

मी इंजन निवू दिलं. फाटलेलं टोक चाकूनं कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून बसवला, पट्टी आवळली. आवळून झाल्यावर, पुरे का, म्हणून मागं बघितलं. तिची मान सुरेखाच्या खांद्यावर होती. मग माझं मीच ठरवलं. अजून थोडं फिरवून सोडून दिलं. पाणी भरलं. आतली हवा निघेस्तोवर थांबलो. गाडी तापत असली की हीटर लावायचा, इंजनाची गरमी आत ओढली जाते, हे तिनंच शिकवलं होतं. मी काचा खाली केल्या आणि हीटर पुरा सोडला.

सुरेखा ओरडली, "बाबा, हीटर नका लावू! आईला गरम होईल!"

ती एकदम हुंदके द्यायला लागली. मी आरसा फिरवून टाकला आणि गाडी हाकली. काटा मधेच राहिला. तोंडावर आगीसारखी हवा येत होती, घाम डोळ्यात जात होता. मी फक्त काट्याकडं आणि रस्त्याकडं बघत होतो.

घरासमोर माणसं जमली होती. विधी करायला जंगमस्वामी येऊन बसले होते. गाडी थांबताच बाया रडत धावल्या, मशाकनं मागच्या दाराला हात घातला. मी म्हणालो, "थांबा."

सगळे बघायला लागले. इंजन चालूच होतं, पुढचा पंखा जोरात फिरत होता. तापलेलं इंजन लगेच बंद करायचं नाही, पंखा आपोआप थांबेस्तोवर चालू ठेवायचं, अशी तिची ताकीद होती. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला." मशाक त्याच्यावर खेकसला, "चुप! उनकू मालूम है." आणि दारावरचा हात काढून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

मी स्टेअरिंग धरून बसलो. रडणं थांबलं. सगळी गल्ली त्या पंख्याचा आवाज ऐकत उभी. मला तो थांबायला नको होता. तो फिरतोय तोवर ती गाडीत होती, वारी अजून संपली नव्हती.

पंखा थांबला. मी चावी फिरवली आणि म्हणालो, "उतरवा आता."