वरतून अर्धा घंटा

अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीवरच्या अंतरावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा चुलत सासरा आहे. आयुष्यभर एसटी चालवूनही मामाजींनी रस्ता हे माप मोडीत काढलंय. भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरायचा, तो पट्टीवर मोजायचा आणि विमानाचा वेळ सांगायचा. लग्नाला आलेल्या एका पाहुण्यानं बसस्टँड किती लांब म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वरतून वीस सेकंद!" पाहुणा निवांत दुसरा चहा प्यायला आणि त्याची बस गेली. चंद्रपूरजवळ एक छोटी धावपट्टी आहे, तिच्या कुंपणाशी उभं राहून मामाजी दर रविवारी वाऱ्याचा अंदाज घेतात. सिरोंच्याला विमानतळ नाही, पण मामाजींनी तो प्राणहितेकाठी मनातल्या मनात बांधून रंगवूनसुद्धा ठेवलाय. "एकशे चाळीस किलोमीटर, जवाई. अर्धा घंटा! तितक्यात तुमची दाढी नाई होत."

सिरोंचाच का, तर तिथे त्यांची एकुलती एक लेक दिली आहे. बसनं अख्खा दिवस मोडतो. आणि घरातल्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट अशी, की स्वतः चालवायला बसले तर मामाजी कुठल्याही खड्ड्यातून गाडी काढतील, पण प्रवासी म्हणून बसले की बल्लारपूर यायच्या आत ओकाऱ्या सुरू! त्या धास्तीनं चार वर्षांत ते लेकीच्या घरी गेले नव्हते. मी एकदा खोडी काढली, "मामाजी, विमानातही तुम्ही पॅसेंजरच असाल की." दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

यंदा लेकीला दिवस गेले. डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला, आणि डोहाळा लागला तो नेमका आईच्या हातच्या वडाभाताचा. सासूबाईंनी नवऱ्याला सरळच विचारलं, "काऊन जी, तुमचं इमान कवा येते?"

मामाजींनी नकाशावर धरलेला दोरा गुंडाळून खिशात ठेवला. मग म्हणाले, "वडे कोरडेच बांध. भात तिथी मी शिजवतो."

सासूबाईंच्या गुडघ्यांना बस झेपत नव्हती, म्हणून पहाटेच्या बसला ते एकटेच निघाले, एका हातात वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात लिंबू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चळत. मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा आले! धड उभं राह्यता येत नाई, तरी कुकर लावून राह्यले," असं सांगताना ती हसत होती की रडत होती, कळेना.

पंधरा दिवसांनी त्यांना घ्यायला मी स्टँडवर गेलो. पिशवी हातात घेत सवयीनं चिडवलं, "काय मामाजी, किती वेळ लागला?"

त्यांनी वळून आल्या वाटेकडे पाहिलं.

"जातानी चारदा ओकलो जवाई, तरी जवळ वाटलं. येतानी काईच नाई झालं, पन लय लांब होतं जी."